बिनदेवाची पाळ

पळसपारच्या तलावाची मातीची पाळ सरळ नाही. पूर्वेच्या टेकडीपासून ती ताठ निघते, तीनशे पावले तशीच जाते आणि मग एकाएकी पाण्याच्या बाजूला आत शिरते. तिथून वळसा घेऊन पुन्हा आपल्या वाटेला लागते आणि पश्चिमेच्या टेकडीला भिडते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक खोलगट रिकामी जागा आहे. तिथे कोणी धान लावत नाही, गुरे बांधत नाही. वैनगंगेच्या या खोऱ्यात तलावांना तोटा नाही आणि प्रत्येक तलावाच्या पाळीवर शेंदूर फासलेला एखादा तरी दगड असतोच. पळसपारच्या पाळीवर तो नाही. नारळ घेऊन आलेल्या पाहुण्याला गावकरी नम्रपणे सांगतात की नारळ घरी न्या, फोडा आणि खा.

का, असे विचारले की लोक झिंगरजी गहाण्यांकडे बोट दाखवतात. झिंगरजींचे वय ऐंशीच्या पुढे. ते पाहुण्याला पाळीवरून चालवत वळणापर्यंत नेतात, तिथे बसवतात आणि सांगू लागतात. त्यांनी ते आजीकडून ऐकले, आजीने तिच्या आजीकडून. ते सांगतात ते असे.

फार जुन्या काळी पळसपारला पाऊस कमी पडायचा असे नाही. भरपूर पडायचा. टेकड्यांवरचे पाणी नाल्यात यायचे आणि नाला ते दोन दिवसांत नदीला देऊन मोकळा व्हायचा. धान दाण्यावर आले की बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, भेगा पडायच्या. गावाच्या तीन बाजूंना टेकड्या होत्या. चौथी बाजू मातीने अडवली की पाणी थांबणार, हे लहान लेकरालाही कळत होते. गावचा पाटील मंसाराम याने ते काम मनावर घेतले. त्याच्या बापाने गावामागे एक बोडी, म्हणजे लहानसे तळे, बांधली होती. बोडी बापाची, तलाव माझ्या नावाचा होईल, असे तो म्हणायचा.

मंसारामची आई कौतिका. बोडी बांधली गेली तेव्हा तिने नवऱ्याच्या बरोबरीने माती तुडवली होती. मूठभर माती नाकाशी धरून ती सांगायची, ही पाणी धरील, ही धरणार नाही. तिच्या नवऱ्याचा एकच नियम होता म्हणे. जे कधी जिवंत होते ते पाळीच्या पोटात घालायचे नाही. मूळ नको, फांदी नको, गवताची काडीसुद्धा नको. ते कुजते, कुजले की पोकळी राहते, आणि पाणी तिथूनच वाट काढते.

काम दोन उन्हाळे चालले. आधी कठीण मुरूम लागेपर्यंत पाया खणला, त्यात काळी चिकणमाती भरली. वीतभर थर घालायचा, पाणी मारायचे, बैल फिरवायचे, मागून बायामाणसांनी तुडवायचे, मग दुसरा थर. दुसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस फक्त नाल्याचे तोंड बुजवायचे राहिले होते. त्याच सुमारास कौतिका लेकीच्या बाळंतपणासाठी बारा कोसांवर गेली. महिन्याने परत आली तो पाळ या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत पुरी झालेली. फक्त गोठ्यातली एक जोडी कमी होती. तिच्या नवऱ्याने स्वतः वाढवलेली, शिंगांना पितळी शेंब्या घातलेली. मंसाराम म्हणाला, उन्हाने गेली, रानात नेऊन टाकली. कौतिकाने डोळे पुसले आणि पुढे काही विचारले नाही.

त्या पावसाळ्यात तलाव भरला. लोकांनी मंसारामला पागोटे बांधले. भादव्यात मात्र पाळीच्या पायथ्याशी, जिथे नाल्याचे तोंड होते तिथे, बोटभर जाडीचे पाणी पाझरू लागले. पाणी काळपट होते आणि त्याला वास होता. चार दिवसांत भगदाड पडले आणि वीस बांध्या धानासकट वाहून गेल्या. मंसारामने वरून माती लोटून ते बुजवले. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, आणि या खेपेस खालच्या अंगाची तीन घरे बसली. एका घरात एक म्हातारा झोपला होता. तो दोन दिवसांनी नदीकाठी सापडला.

तिसऱ्या वर्षी श्रावणात तलाव अर्धा भरला आणि त्याच जागी ओल दिसली, तेव्हा मंसारामने बाहेरगावाहून एक देवऋषी आणवला. देवऋषी पाळीवर बसला, तांदूळ टाकले, डोळे मिटले आणि म्हणाला की जागेला माणूस हवे. पाटलाच्या घरचीच बाई हवी आणि ती भरल्या पोटाची हवी.

पाटलाच्या घरात पोटुशी एकच होती. मंसारामचा धाकटा भाऊ डोमा, त्याची बायको सुकवारा. तिला सातवा महिना होता. माहेरी बाप नव्हता, भाऊ नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त धरला.

हे ऐकून कौतिका रडली नाही, भांडलीही नाही, असे सांगतात. तिला राग यायच्या आधी किळस आली. गावची चार जाणती माणसे पाटलाच्या ओसरीवर जेवायला बसली होती. पानात तलावातली मासळी होती. मासळीचे काटे काढता काढता ती माणसे ठरवत होती की खड्डा किती हात खोल असावा, आणि पोट आडवे येते म्हणून तो रुंद किती असावा. एकाने बोट चाटून सांगितले की लुगडे हिरवेच हवे. वाढायला उभ्या असलेल्या कौतिकाच्या हातातले पातेले तिथेच राहिले. ती आत गेली आणि त्या दिवसापासून त्या घरचे अन्न तिच्या घशाखाली उतरेना. भात समोर आला की तिला त्या माणसांची तेलकट बोटे दिसायची.

मग बाया येऊ लागल्या. सुकवाराच्या पाया पडू लागल्या. परवापर्यंत तिला पाणवठ्यावर नावे ठेवणाऱ्या बाया आता तिला देवी म्हणत होत्या. एकीने तर देवी झाल्यावर माझ्या सुनेला मुलगा दे, असे आधीच मागून घेतले. पाया पडून झाले की त्या पदर सावरून घरी जायच्या आणि चुली पेटवायच्या. कौतिका दारात बसून हे पाहायची आणि सारखी थुंकायची.

तिने डोमाला एकट्याला गाठले. तो जेवत होता. ती म्हणाली की बायको तुझी आहे, पोटातले लेकरू तुझे आहे, तू काही बोलणार आहेस की नाही. डोमाने मान वर केली नाही. देवाने मागितले त्याला मी काय करू, असे तो म्हणाला आणि त्याने आणखी भात वाढून घेतला. कौतिका सांगायची म्हणे, की मंसारामपेक्षाही मला त्या दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्या भाताची जास्त शिसारी आली.

पोळ्याच्या दिवशी सकाळी कौतिका सुकवाराचे केस विंचरत होती, तेव्हा सुकवाराने हळूच विचारले,

"आत्याबाई, माती तोंडात गेल्यावर किती वेळ लागते?"

कौतिकाने फणी खाली ठेवली. ती परसात गेली आणि भिंत धरून ओकली. पोटात काही नव्हते, तरी ओकत राहिली. मग तिने तोंड धुतले, खुरपे घेतले आणि ती पाळीकडे निघाली.

भर दुपार होती. सगळे गाव बैलांना रंगवून, झुली घालून तोरणाखाली जमले होते. पाळीवर चिटपाखरू नव्हते. ओल दिसली होती त्याच जागी बळीचा खड्डा कमरेइतका खणून तयार होता. कौतिका त्यात उतरली. वास तिला वरूनच आला होता, आत तो अंगावर आला. तिने खड्ड्याच्या भिंतीतली मूठभर माती नाकाशी धरली आणि लगेच फेकली. ती माती नव्हतीच. तिने खुरप्याने उकरायला सुरुवात केली. हातभर आत पळसाचे खुंट लागले, काळे पडलेले, बोटाने दाबले तर शेणासारखे दबणारे. खुंटांच्या मागे तणसाचे, धानाच्या पेंढ्याचे, भारे होते, सडून चिकट झालेले. आणखी आत हात घातला तर हाताला शिळ्या लोण्यासारखे काही लागले. थंड, पांढुरके, बोटांना धरून राहणारे. तिला वाटले हात ओढून घ्यावा. तिने तो खांद्यापर्यंत आत घातला. कठीण काहीतरी हाती आले ते हिसडून बाहेर काढले.

ते शिंग होते. त्याच्या टोकाला पितळी शेंबी होती.

कौतिका ते शिंग मांडीवर घेऊन खड्ड्यात बसली. पाऊस जवळ आला, नाल्याचे तोंड बुजवायचे घाईचे झाले, तेव्हा आपल्या लेकाने काय केले ते तिला आता एकेक करून दिसू लागले. तिथे पाया खणलाच नाही. हाताशी आले ते भरले, खुंट, फांद्या, तणस. बैल जुंपून जुंपून उन्हात पाडले आणि मेलेली जोडीही त्यातच ढकलली. वरून माती टाकली. त्यात मंसाराम एकटा नव्हता. टोपल्या टाकणारे चार गडी असणार. त्यांच्या बायका असणार, त्यांना कळले असणार. तीन वर्षे सगळे गप्प. आणि आता त्याच घाणीवर पोटुशी पोर उभी करून वरून माती लोटायची, म्हणजे ती जागा देवाची होईल आणि पुन्हा कोणी उकरणार नाही.

दूर गावात पोळा फुटला. बैलांच्या घुंगरांचा आवाज पाळीपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत सुकवाराला आणले. हिरवे लुगडे, मळवट भरलेला. गाव झाडून आले होते. माणसांनी खांद्यावर लेकरे घेतली होती, त्यांना नीट दिसावे म्हणून. सुनेची ओटी सासूने भरायची असा देवऋषीचा आग्रह होता, म्हणून कौतिका ताट घेऊन पुढे चालली होती. ताटावर फडके झाकलेले होते. ती चालली त्या वाटेने लोक नाकाला पदर लावत होते. त्यांना वाटले तलावाचाच वास आहे.

खड्ड्याशी आल्यावर ती सुनेकडे वळली नाही. मंसारामपुढे उभी राहिली. फडके काढले आणि ताट त्याच्या हातात दिले. ताटात सडलेले तणस होते, ते लोण्यासारखे मांस होते आणि वर शिंग ठेवले होते.

"ओळखतोस?" तिने विचारले.

मंसारामच्या हातातून ताट सुटले नाही. त्याला ते धरताही येईना, टाकताही येईना.

"माय, घरी चाल. घरी बोलू," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"तुले माहीत होतं."

डफ थांबले होते. मग तो म्हणाला, "पाळ उकरली असती तर लोक काय म्हणले असते?"

हे शब्द मागच्या माणसांपर्यंत पोचले. गर्दीतले चार गडी खाली पाहू लागले. देवऋषी कधी उठून गेला ते कोणाच्या लक्षात आले नाही.

कौतिकाने सुकवाराच्या कपाळावरचा मळवट आपल्या पदराने पुसला आणि तिला पाळीवर उंच जागी बसवले. मग ती स्वतः खड्ड्यात उतरली आणि दोन्ही हातांनी आतले बाहेर फेकू लागली. बरगड्या आल्या, जबडा आला, काळा गाळ आला. वास असा उठला की खांद्यावरची लेकरे रडू लागली. काही माणसे तिथेच ओकली, काही घराकडे वळली. तेव्हा ती न ओरडता म्हणाली,

"जाता कुठं? पाहाले आलते ना? पाहा."

सगळ्यात आधी जी खड्ड्यात उतरली ती वाहून गेलेल्या म्हाताऱ्याची बायको होती असे सांगतात. मग एकेक जण उतरला. संध्याकाळपर्यंत कळून चुकले की घाण खालपर्यंत आहे आणि तलावात पाणी असेपर्यंत ती निघायची नाही. दुसऱ्या दिवशी गावाने आपल्या हाताने पाळ फोडली आणि तलाव नदीला सोडून दिला. त्या वर्षी धान झाले नाही. लोकांनी मोहफुले आणि रानातले कंद खाऊन दिवस काढले. कौतिकाला शिव्या देणारेही निघाले. पोर गेली असती तर निदान पोटाला मिळाले असते, असे एक जण तिच्या तोंडावर म्हणाला. ती त्याच्याकडे पाहून थुंकली आणि कामाला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात नव्याने काम झाले. ती जागा कितीही उपसली तरी मातीचा वास जाईना. शेवटी कौतिकाने सांगितले की ती जागा सोडा, पाळ आतून घ्या. म्हणून पाळ तिथे आत वळली. नवा पाया कठीण मुरूम लागेपर्यंत खणला. प्रत्येक थर कौतिकाने हुंगला, मगच त्यावर दुसरा पडला. तलाव भरला आणि भादव्यात पायथा कोरडा राहिला. आश्विनात पाणी पाटाने बांध्यांत सोडले, ते पाहायला पाळीवर सगळे होते. कोणी डफ वाजवला नाही.

मग गावातल्या काही जणांच्या मनात आले की कौतिकाच्या नावाने पाळीवर दगड बसवावा. ती म्हणाली, "दगडाले शेंदूर लावला का त्याच्याखाली काय पुरलं ते कोणी पाहत नाही." दगड बसला नाही.

ती पुन्हा पाटलाच्या घरात राहायला गेली नाही. पाळीच्या पायथ्याशी झोपडी बांधून ती आणि सुकवारा राहिल्या. सुकवाराला मुलगी झाली. डोमा झोपडीशी येऊन बसायचा, सुकवारा त्याला लाकडे फोडायला लावायची आणि परत पाठवायची. त्याला तिने आत घेतले नाही.

मंसारामच्या हातांचा वास जाईना, असे सांगतात. त्याने राखेने घासले, कडुनिंबाने घासले, हळद लावली. पाटीलकी गेली होती. आता तो इतरांसारखीच मातीची टोपली उचलत होता, आणि चांगली उचलत होता, हे झिंगरजी मुद्दाम सांगतात. दर उन्हाळ्यात गाळ काढायचे काम संपले की तो झोपडीशी यायचा आणि आईपुढे हात धरायचा. ती हुंगायची, तोंड फिरवायची आणि म्हणायची, "वास येतो." असे सोळा वर्षे झाले. सतराव्या वर्षी ती गेली. शेवटच्या दिवशी तो पाणी घेऊन आला होता म्हणे. तिने भांडे ओठाशी नेले आणि पाणी न पिता बाजूला ठेवले. तेच पाणी मग सुकवाराने पाजले, तेव्हा ती प्याली.

काही लोक सांगतात की शेवटी आईने लेकाला क्षमा केली. झिंगरजींच्या आजीने तसे कधी सांगितले नाही, म्हणून झिंगरजीही सांगत नाहीत.

आजही पळसपारला मृग लागायच्या आधी, वर्षभर तलावाचे पाणी कोण वाटणार ते ठरते. ज्याचे नाव निघते तो वळणाशी पाळीच्या पायथ्याला गुडघे टेकतो, खुरप्याने उकरून दंडापर्यंत हात मातीत घालतो आणि मूठ बाहेर काढतो. ती मूठ गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपुढे धरायची. सध्या तो मान गिरजाबाईंचा आहे. त्यांना दिसत नाही. त्या मूठ हुंगतात आणि म्हणतात, "माती हाये." मग लोक घरी जातात. दुसरा विधी नाही.

सहा वर्षांपूर्वी गिरजाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी नाकाला पदर लावला. त्या दिवशी गावात लग्न होते, मांडव पडला होता, वऱ्हाड उतरले होते. लग्न थांबले. वऱ्हाडातल्या माणसांनीही टोपल्या घेतल्या. दिवस मावळेपर्यंत उकरल्यावर एका जुन्या बिळात मेलेली घोरपड सापडली. बीळ काढले, माती भरली, तुडवली, आणि मग अक्षता पडल्या.

पाहुणे बहुधा शेवटी विचारतातच की म्हातारी बाई आहे, डोळ्यांनी अधू आहे, एखाद्या वर्षी तिने चुकून उगाचच नाकाला पदर लावला तर काय.

झिंगरजी उठतात, धोतराची माती झटकतात.

"चुकली तर एक दिवस फुकट माती उकरली जाते," ते म्हणतात. "बाकी काही होत नाही."